फुप्फुसांना वगळून रक्तात ऑक्सिजन: एक्मोपासून सूक्ष्म बुडबुड्यांपर्यंत

शांत बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीराला दर मिनिटाला सुमारे २५० मिलीलीटर ऑक्सिजन लागतो. हा एक आकडा लक्षात ठेवला, तर या लेखातील जवळजवळ सगळ्या गोष्टींचा उलगडा होतो, कारण फुप्फुसे निकामी झाल्यावर त्यांच्याऐवजी जे काही उपाय योजले जातात त्यांना ही मागणी प्रत्येक मिनिटाला, न चुकता पुरवावी लागते. अन्नाचा साठा शरीरात काही आठवडे पुरतो, पाण्याचा काही दिवस, परंतु ऑक्सिजनचा साठा नावापुरताच असतो. साध्या हवेवर श्वास घेणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांत आणि रक्तात मिळून तो दीड लीटरच्या आसपास भरतो आणि त्यातलाही मोठा भाग पेशींना वापरता येत नाही. म्हणूनच पुरवठा पूर्ण थांबला की चार-पाच मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि त्यावर अवलंबून असलेल्या २२ रुग्णांचा मृत्यू झाल्याचे त्याच दिवशी जाहीर झाले. महाराष्ट्र ती घटना विसरलेला नाही. शरीराजवळ ऑक्सिजनची शिल्लक किती अल्प असते, हे त्या दिवशी अत्यंत क्रूरपणे दिसले.

रक्त ऑक्सिजन कसा वाहते, हे आधी पाहू. जवळजवळ सगळा भार लाल पेशींतील हिमोग्लोबिन उचलते. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरले असता सुमारे १.३४ मिलीलीटर ऑक्सिजन धरते. १०० मिलीलीटर रक्तात १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असेल, तर तेवढ्या रक्तात २० मिलीलीटर ऑक्सिजन मावतो. रक्ताच्या पाण्यात विरघळून राहणारा ऑक्सिजन मात्र तेवढ्याच रक्तात अवघा ०.३ मिलीलीटर असतो. हृदय मिनिटाला पाच लीटर रक्त फिरवते, म्हणजे एक लीटर ऑक्सिजन शरीरभर पोहोचतो, त्यातला पाव भाग पेशी काढून घेतात आणि उरलेला घेऊन रक्त परत येते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर जे ‘सॅच्युरेशन’ दाखवते, ते हिमोग्लोबिनच्या भरलेल्या जागांचे शेकडा प्रमाण असते. ते ९०पर्यंत उतरले की धमनीतील ऑक्सिजनचा दाब साधारण ६० मिलिमीटर पारा इतका असतो (निरोगी माणसात तो ८० ते १०० असतो). या टप्प्याच्या खाली घसरण फार वेगाने होते, आणि म्हणूनच ९४ वरून ९१ व ८८ वरून ८५ या दोन घसरणी आकड्याने सारख्या दिसल्या तरी दुसरीत धोका जास्त असतो.

आता रुग्णाला मास्कमधून किंवा व्हेंटिलेटरमधून शुद्ध, १०० टक्के ऑक्सिजन दिला तरी रक्तातील ऑक्सिजन वाढत नाही, असे का होते? नातेवाइकांना हे सर्वांत अनाकलनीय वाटते. गंभीर न्यूमोनियात किंवा एआरडीएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फुप्फुसदाहात लाखो वायुकोश द्रवाने भरतात किंवा मिटून जातात. त्यांच्या भोवतीच्या केशवाहिन्यांतून रक्त वाहतच राहते, पण ऑक्सिजन न घेता पुढे निघून जाते आणि चांगल्या भागातून आलेल्या रक्तात मिसळते. चांगल्या भागातले हिमोग्लोबिन तर आधीच भरलेले असते. भरलेल्या हंड्यावर नळ कितीही मोठा सोडला तरी शेजारचा रिकामा हंडा भरत नाही, तशी ही स्थिती असते. निरोगी माणसाला शुद्ध ऑक्सिजन दिल्यास धमनीतील दाब ५००च्या वर जातो. तोच दाब शुद्ध ऑक्सिजन देऊनही १००च्या आत राहिला, तर डॉक्टर त्याला गंभीर अवस्था म्हणतात.

अशा वेळी व्हेंटिलेटरचा जोर वाढवत नेणे हा सुचणारा पहिला उपाय असतो आणि नेमका तोच घातक ठरू शकतो. फुप्फुसाचा जो थोडका भाग उघडा राहिलेला असतो, तोच या जोराने ताणला जातो, त्याच्या नाजूक भिंती फाटतात आणि दाह आणखी पसरतो. अमेरिकेत झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या ८६१ रुग्णांच्या चाचणीत प्रत्येक श्वासाचे आकारमान निम्म्यावर आणताच मृत्यूचे प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. कोणतेही नवे औषध नव्हते, केवळ यंत्र हळुवारपणे चालवले गेले होते. त्यानंतर २०१३ साली प्रामुख्याने फ्रान्समधील रुग्णालयांत झालेल्या चाचणीत गंभीर रुग्णांना रोज सलग सोळा तासांच्या आसपास पालथे झोपवल्यावर २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर उतरले. कोरोनाच्या काळात पालथे झोपवण्याचा जो आग्रह सर्वत्र दिसला, त्यामागे हा पुरावा होता. माझ्या मते रक्तात थेट ऑक्सिजन घालण्याची चर्चा या दोन साध्या गोष्टी नीट केल्याशिवाय सुरूच होऊ नये, कारण त्यांना महागडे यंत्र लागत नाही आणि त्यांचा लाभ निःसंशय आहे.

तरीही काही रुग्ण असे उरतात, की ज्यांची फुप्फुसे कोणत्याही मार्गाने पुरेसा ऑक्सिजन घेऊ शकत नाहीत. मग फुप्फुसांना वळसा घालून रक्तापर्यंत पोहोचावे लागते. ही कल्पना जॉन गिबन या तरुण शल्यविशारदाच्या मनात १९३१ साली बॉस्टनमध्ये रुजली. फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत गुठळी अडकलेल्या एका स्त्रीच्या उशाशी तो रात्रभर बसून होता. तिच्या शिरांतले रक्त काळपट होत चालले होते आणि तिची धडपड त्याला पाहवत नव्हती. हे काळे रक्त बाहेर काढून, त्यात ऑक्सिजन भरून, धमनीत परत सोडता आले तर, असा प्रश्न त्याला त्या रात्री पडला. सकाळी शस्त्रक्रिया झाली, पण ती स्त्री वाचली नाही. पत्नी मेरी हिच्या साथीने गिबनने पुढची दोन दशके या यंत्रावर घालवली आणि ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातील छिद्र बंद करताना २६ मिनिटे तिच्या हृदयाचे व फुप्फुसांचे संपूर्ण काम यंत्राने केले.

तासाभराच्या शस्त्रक्रियेपुरते यंत्र मिळाले, परंतु आजारी फुप्फुसांना सावरायला दिवस आणि आठवडे लागतात, आणि तितका वेळ ते यंत्र वापरणे अशक्य होते. त्याचे कारण यंत्राच्या ताकदीत नव्हते, रक्ताच्या स्वभावात होते. सुरुवातीच्या यंत्रांत रक्त आणि वायू यांचा थेट संपर्क येत असे. त्या संपर्कात रक्तातील प्रथिने बिघडतात, लाल पेशी फुटतात, गोठण्याची यंत्रणा विस्कटते आणि काही तासांतच रक्त निकामी होऊ लागते. निरोगी फुप्फुसात रक्त आणि हवा कधीच एकमेकांना भिडत नाहीत, त्यांच्यामध्ये अतिशय पातळ पडदा असतो. म्हणून संशोधकांनीही पडदाच शोधला, आधी सिलिकॉनचा आणि पुढे पोकळ, केसासारख्या तंतूंचा. या तंतूंच्या आतून वायू वाहतो, बाहेरून रक्त वाहते आणि भिंतीतून ऑक्सिजन रक्तात शिरतो. अशा पडद्याच्या साहाय्याने १९७१ साली कॅलिफोर्नियात डोनाल्ड हिल यांनी अपघातात जखमी झालेल्या एका तरुणाला ७५ तास आधार दिला आणि तो वाचला. १९७५ साली त्याच राज्यात रॉबर्ट बार्टलेट यांनी जन्मतःच पोटातील विष्ठा फुप्फुसात गेल्याने गुदमरलेल्या एका अर्भकाला याच पद्धतीने जगवले. नवजात बालकांच्या उपचारात ही पद्धत रुजली ती तेव्हापासून. तिलाच आज एक्मो म्हणतात.

फुप्फुसांच्या आजारासाठी एक्मो लावताना मांडीच्या मुळाशी असलेल्या मोठ्या शिरेत बोटाएवढ्या जाडीच्या जवळ जाणारी एक नळी घालतात. या नळीला कॅन्युला म्हणतात. तिच्यातून पंप रक्त ओढतो, ते ऑक्सिजनेटरमधून, म्हणजे वर सांगितलेल्या पोकळ तंतूंच्या जुडग्यातून जाते आणि बहुधा मानेतील शिरेवाटे हृदयाच्या उजव्या बाजूला परत येते. पुढे हृदय नेहमीप्रमाणे ते फुप्फुसांतून शरीरभर पाठवते. फुप्फुसांनी काहीच केले नाही तरी चालते, कारण रक्त त्यांच्याकडे पोहोचण्याआधीच भरलेले असते. हृदयही खचले असेल तर रक्त शिरेतून काढून थेट धमनीत सोडावे लागते, पण तो प्रकार वेगळा आणि अधिक जोखमीचा आहे.

आता २५० मिलीलीटरचा हिशेब लावून पाहा. रुग्णाचे हिमोग्लोबिन १२ आहे आणि यंत्रात शिरणाऱ्या रक्ताचे सॅच्युरेशन ७० आहे असे धरू. यंत्र ते १०० करते, म्हणजे प्रत्येक १०० मिलीलीटर रक्तात सुमारे ४.८ मिलीलीटर ऑक्सिजनची भर पडते. मिनिटाला पाच लीटर रक्त यंत्रातून गेले, तर भर २४० मिलीलीटरची होते आणि गरज जेमतेम भागते. या एका गुणाकारातून अनेक गोष्टी कळतात. नळ्या इतक्या जाड का लागतात, तर मिनिटाला पाच लीटर रक्त बारीक नळीतून जाणार नाही. हिमोग्लोबिन कमी झाले की डॉक्टर रक्त का चढवतात, तर वाहकच कमी असतील तर यंत्राचा उपयोग घटतो. ताप आला किंवा रुग्ण तळमळू लागला की सॅच्युरेशन का पडते, तर मागणी वाढली आणि पुरवठा होता तिथेच राहिला. यंत्रातून न गेलेले काही रक्त हृदयात मिसळत असल्यामुळे एक्मोवरील रुग्णाचे सॅच्युरेशन ८५च्या आसपास असणे बऱ्याचदा स्वीकारार्ह मानले जाते. हा आकडा पाहून नातेवाईक घाबरतात आणि तो कशामुळे आहे हे त्यांना आधीच समजावून सांगायला हवे.

कार्बन डायऑक्साइडचा हिशेब याहून सोपा असतो. एक लीटर शिरेतल्या रक्तात तो सुमारे अर्धा लीटर असतो आणि पडद्यातून तो ऑक्सिजनपेक्षा खूपच सहज निसटतो. त्यामुळे मिनिटाला एखाद-दुसरा लीटर रक्त यंत्रातून गेले तरी शरीरात तयार होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग काढता येतो. किती काढायचा हे तंतूंतून वाहणाऱ्या वायूचा वेग कमी-जास्त करून ठरवतात. हा मुद्दा पुढे पुन्हा लागेल.

एक्मो न्यूमोनिया बरा करत नाही. त्याच्यामुळे व्हेंटिलेटरचा जोर अगदी कमी करता येतो, फुप्फुसांना होणारी नवी इजा थांबते, आणि औषधांना व शरीराला वेळ मिळतो. या वेळाची किंमत मोठी असते. रक्त परक्या पृष्ठभागाला लागताच गोठू पाहते, म्हणून हेपॅरिनसारखे औषध सतत द्यावे लागते आणि त्याचा उलटा परिणाम म्हणून रक्तस्राव होऊ शकतो. मेंदूतील रक्तस्राव ही त्यातली सर्वांत भयंकर शक्यता. जंतुसंसर्ग, लाल पेशी फुटणे आणि नळीत गुठळ्या होणे हे धोके रोजचे असतात. त्यासाठी प्रशिक्षित परिचारिका, पर्फ्युजनिस्ट (हे यंत्र चालवणारे तंत्रज्ञ) आणि डॉक्टर चोवीस तास खाटेजवळ लागतात. आपल्याकडे हा खर्च काही लाखांत जातो आणि अनेक कुटुंबे घरदार विकूनही तो पेलू शकत नाहीत.

मग लाभ किती? ब्रिटनमध्ये १८० प्रौढ रुग्णांची ‘सीझर’ नावाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एक्मोसाठी खास केंद्रात पाठवलेल्यांपैकी ६३ टक्के लोक सहा महिन्यांनी गंभीर अपंगत्वाविना जिवंत होते आणि इतरत्र नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ४७ टक्के होते. मात्र केंद्रात पाठवलेल्यांपैकी चौथ्या हिश्श्याला एक्मो लावलेच गेले नव्हते, म्हणजे श्रेयाचा काही भाग निष्णात केंद्रातल्या काळजीपूर्वक उपचारांनाही जातो. २०१८ साली ‘इओलिया’ या २४९ रुग्णांच्या चाचणीत साठ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण एक्मो गटात ३५ टक्के आणि दुसऱ्या गटात ४६ टक्के निघाले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही, परंतु दुसऱ्या गटातील २८ टक्के रुग्ण इतके खालावले की त्यांनाही शेवटी एक्मो लावावे लागले होते आणि त्यामुळे तुलना पुसट झाली. दोन्ही चाचण्या एकत्र वाचल्यावर मला असे वाटते, की योग्य रुग्णाला, योग्य वेळी आणि अनुभवी हातांनी लावलेले एक्मो जीव वाचवते, आणि या तिन्ही अटींपैकी एकही सोडता येत नाही. इओलियात एक्मोचा निर्णय व्हेंटिलेटर लागून सात दिवस होण्याच्या आत घेतला जात असे. कित्येक आठवडे जोरदार व्हेंटिलेटरवर राहून फुप्फुसे चामड्यासारखी घट्ट झाल्यावर त्यांना विश्रांती देऊन फारसे हाती लागत नाही.

एवढा खटाटोप कशाला, सलाइनमध्ये ऑक्सिजन विरघळवून तो शिरेतून का देऊ नये, असे अनेकांच्या मनात येते. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर पुन्हा त्याच आकड्यात आहे. शुद्ध ऑक्सिजनने पूर्ण भरलेल्या १०० मिलीलीटर सलाइनमध्ये शरीराच्या तापमानाला सव्वादोन मिलीलीटरच्या आसपास ऑक्सिजन मावतो. म्हणजे २५० मिलीलीटरसाठी मिनिटाला दहा लीटरहून अधिक सलाइन द्यावे लागेल, जे अशक्य आहे. दाब वाढवला तर जास्त ऑक्सिजन विरघळतो हे खरे. १९६०च्या सुमारास अ‍ॅम्स्टरडॅममध्ये इटे बुरेमा यांनी डुकरांचे रक्त जवळजवळ लाल पेशीविरहित करून त्यांना वातावरणाच्या तिप्पट दाबाच्या कोठडीत जगवून दाखवले होते. पण तेथेही ऑक्सिजन फुप्फुसांतूनच आत जात होता, आणि आजारी फुप्फुसांच्या रुग्णाला तो मार्गच बंद झालेला असतो. ऑक्सिजन वायू थेट शिरेत सोडणे तर प्राणघातक, कारण मोठे बुडबुडे फुप्फुसांच्या वाहिन्यांत अडकून रक्तप्रवाह तोडतात. महाशिरेत पोकळ तंतूंचा जुडगा बसवून शरीराच्या आतच ऑक्सिजनेटर तयार करण्याचा प्रयोगही झाला. १९९०च्या सुमारास रुग्णांवर वापरलेल्या अशा उपकरणाने गरजेचा एक-तृतीयांश भागही क्वचितच भागवला आणि ते मागे पडले.

या पार्श्वभूमीवर बॉस्टनच्या बालरुग्णालयातील जॉन खीर यांचे काम मला विशेष महत्त्वाचे वाटते. २००६ साली न्यूमोनियाने अत्यवस्थ झालेल्या एका लहान मुलीला एक्मो जोडेपर्यंतच्या अवधीत तिच्या मेंदूला ऑक्सिजनअभावी इजा झाली आणि ती वाचली नाही. तो मधला अवधी भरून काढता येईल का, या प्रश्नाने त्यांनी संशोधन सुरू केले. त्यांच्या गटाने ऑक्सिजनचे अतिसूक्ष्म बुडबुडे बनवले आणि प्रत्येकाभोवती स्निग्ध पदार्थाचे नाजूक कवच चढवले. हे कण लाल पेशीपेक्षाही लहान असतात, त्यामुळे केशवाहिन्यांतून जाऊ शकतात. द्रवात मिसळल्यावर त्या मिश्रणाच्या निम्म्याहून अधिक आकारमान ऑक्सिजनचे असते, म्हणजे सलाइनच्या मानाने कित्येक पटींनी जास्त. असा कण शिरेतल्या ऑक्सिजनहीन रक्तात शिरला, की आतला ऑक्सिजन पातळ कवचातून बाहेर पडतो, हिमोग्लोबिन तो लगेच पकडते आणि बुडबुडा मिटून जातो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात श्वासनलिका पूर्ण बंद केलेले ससे या मिश्रणावर १५ मिनिटांपर्यंत तग धरू शकले.

यात एक गोष्ट फार विचार करण्यासारखी आहे. रक्तात ऑक्सिजनची तूट जितकी मोठी, तितके हे बुडबुडे लवकर मिटतात आणि तितके ते सुरक्षित राहतात. रक्त आधीच भरलेले असेल किंवा मात्रा जास्त झाली, तर ऑक्सिजन घ्यायला कोणी उरत नाही, बुडबुडे टिकून राहतात, एकमेकांत मिसळून मोठे होऊ शकतात आणि ज्या धोक्यापासून बचावायचे तोच समोर उभा राहतो. शिवाय द्रवाचाही प्रश्न आहे. मिश्रणात ७० टक्के ऑक्सिजन धरला, तरी प्रौढाची पूर्ण गरज भागवायला मिनिटाला साडेतीनशे मिलीलीटरहून अधिक द्रव लागेल आणि १५ मिनिटांत तो पाच लीटरवर जाईल. कोणाच्याही हृदयाला हे पेलवणार नाही. म्हणून पूर्ण गरज भागवण्याऐवजी मेंदू आणि हृदय तगून राहतील इतकीच भर घालणे, तीही थोड्याच मिनिटांसाठी, हा या पद्धतीचा वाजवी हेतू ठरतो. कार्बन डायऑक्साइड तर यातून बाहेर पडतच नाही. श्वास थांबलेल्या माणसात त्याचा दाब पहिल्या मिनिटानंतर दर मिनिटाला तीन-चार मिलिमीटर पारा इतका वाढत जातो. १५ मिनिटे शरीर हे सोसू शकते, परंतु तासभर नाही.

२०२२ साली याच गटाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. आधी बनवून साठवलेले कण वापरण्याऐवजी शिरेला जोडलेल्या छोट्या उपकरणातच बुडबुडे तयार करण्याची पद्धत त्यांनी मांडली. ऑक्सिजन आणि द्रव उत्तरोत्तर अरुंद होत जाणाऱ्या छिद्रांतून ढकलला जातो, प्रत्येक टप्प्यावर बुडबुडे आणखी बारीक होतात आणि शेवटी कवचासह रक्तात जातात. मात्रा क्षणोक्षणी वाढवता किंवा कमी करता येते, हा याचा खरा फायदा आहे. ही चाचणी प्रयोगशाळेतील मानवी रक्तावर आणि उंदरांवर झालेली आहे.

ही पद्धत पुढे माणसांत वापरण्यायोग्य ठरली, तर तिची जागा एक्मोच्या अलीकडे असेल. श्वासनलिकेत नळी घालणे अवघड होऊन बसलेला रुग्ण, रुग्णवाहिकेत सॅच्युरेशन कोसळणारा रुग्ण, एक्मोच्या नळ्या बसवण्यास लागणारा अर्धा तास, या ठिकाणी काही मिनिटांची भर निर्णायक ठरते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांपुरत्या एकवटलेल्या एक्मो केंद्रांपासून गडचिरोलीचा किंवा नंदुरबारचा रुग्ण कित्येक तास दूर असतो आणि एवढे अंतर बुडबुड्यांनी कापता येणार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. त्याच्यासाठी तालुक्याच्या रुग्णालयात हळुवार व्हेंटिलेटर, वेळेवर पालथे झोपवणे आणि प्रकृती ढासळण्याआधीच मोठ्या केंद्राशी संपर्क साधणे हेच आज उपयोगाचे आहे. बुडबुड्यांच्या बाबतीत माणसांवरील चाचणीआधी मोठ्या प्राण्यांमध्ये दोन गोष्टी दाखवाव्या लागतील: वारंवार मात्रा दिल्यावर रिकामी झालेली कवचे फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत साचून तेथील दाब वाढवत नाहीत, आणि वाचलेल्या प्राण्याचा मेंदूही शाबूत राहतो.